नोकरी की फेलोशिप, हे सहीआधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या देशात संशोधनासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना मार्गदर्शन करणारे लेख वृत्तपत्रांतून वरचेवर प्रसिद्ध होतात. त्यांतील बहुतेक लेख अर्ज कसा करावा, शिफारसपत्रे कोणाची घ्यावीत आणि मुलाखतीला कसे सामोरे जावे, इथवर येऊन थांबतात. त्यामुळे निवड झाली की पुढचे सारे आपोआप मार्गी लागते, अशी समजूत होते. परदेशी संशोधकांच्या कागदपत्रांचे काम जवळून पाहिले असल्याने सांगावेसे वाटते, की खऱ्या अडचणी निवडीचे पत्र हाती आल्यानंतर सुरू होतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकाच प्रश्नापाशी येऊन मिळतात. मिळणारा पैसा नोकरीचा पगार म्हणून मिळणार आहे की फेलोशिप म्हणून, आणि तो नेमका कोणाच्या तिजोरीतून येणार आहे? निवड झालेले उमेदवार विषय, प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक यांविषयी बारकाईने विचारतात, पण हा प्रश्न विचारायला संकोचतात. विमा, निवृत्तिवेतन, कर, व्हिसाची अट, जोडीदाराचा काम करण्याचा हक्क या सगळ्यांवर त्याच्या उत्तराचा परिणाम होतो.

जर्मनीचे उदाहरण घेऊ. तेथे नोकरीच्या करारावर रुजू होणाऱ्या संशोधकाच्या पगारातून आरोग्य, निवृत्तिवेतन आणि बेरोजगारी विम्याचे हप्ते कापले जातात आणि संस्थाही आपला वाटा भरते. फेलोशिपवर येणाऱ्याचे असे हप्ते कापले जात नाहीत, त्यामुळे महिन्याकाठी हातात पडणारी रक्कम बरी दिसते. परंतु आरोग्यविमा त्याचा त्यालाच पाहावा लागतो, आणि तो बहुधा खासगी असतो. सरकारी आरोग्यविम्यात कमावत नसलेला जोडीदार आणि मुले वेगळ्या हप्त्याशिवाय सामावली जातात, खासगी विम्यात मात्र प्रत्येकाचा हप्ता निराळा असतो. त्यामुळे कुटुंब बरोबर नेणाऱ्याला हा हिशेब पहिल्याच महिन्यात कळतो. बेरोजगारी भत्त्यासाठी मागील 30 महिन्यांत किमान 12 महिने हप्ते भरलेले असावे लागतात आणि फेलोशिपचा काळ त्यात धरला जात नाही. निवृत्तिवेतनाचा हक्क 60 महिन्यांच्या वर्गणीनंतर मिळतो. तेवढा काळ भरण्याआधी युरोपीय संघाबाहेरचा संशोधक देश सोडून गेला, तर साधारणपणे 24 महिन्यांनी त्याला स्वतःचा वाटा परत मागता येतो, संस्थेचा वाटा मात्र मिळत नाही. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार असेल, तर मात्र दोन्हीकडचा काळ एकत्र धरला जाऊ शकतो, म्हणून पैसे परत मागण्याची घाई करू नये.

योजनेच्या नावावरूनही निष्कर्ष काढू नये. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्हस्का-क्यूरी योजनेतील फेलोशिप बहुतेक ठिकाणी नोकरीचा करार करूनच दिली जाते. जाहिरातीत छापलेला निर्वाहभत्ता हा संस्थेला येणारा एकूण खर्च असतो. त्यातून संस्थेचा वाटा, संशोधकाचा वाटा आणि आयकर असे सगळे वजा होऊन उरलेली रक्कम खात्यात जमा होते. छापील आकड्याला बारांनी भागून घरभाड्याचा अंदाज बांधणारे या ठिकाणी हमखास फसतात. याच योजनेत आणखी एक अट आहे: अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत उमेदवार यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा. त्यामुळे आधी जाऊन तेथूनच अर्ज करू, हा बेत कधी कधी अंगाशी येतो.

अमेरिकेत पैसा कोणाचा, या प्रश्नाला आणखी धार येते. तेथे बहुतेक पाहुणे संशोधक जे-1 व्हिसावर जातात आणि या व्हिसाशी दोन निरनिराळी बंधने जोडलेली आहेत, ज्यांची गल्लत जाणकारही करतात. पहिले बंधन मायदेशी दोन वर्षे राहण्याचे. हे बंधन लागू झाले, तर ती दोन वर्षे पुरी केल्याशिवाय किंवा रीतसर सूट मिळवल्याशिवाय एच-1बी हा नोकरीचा व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना मिळत नाही. खर्च अमेरिकी सरकारने किंवा संशोधकाच्या स्वतःच्या सरकारने उचललेला असला, की ते लागू होते. मायदेशाचे नाव अमेरिकेच्या कौशल्य-यादीत (कोणत्या देशाला आपल्या लोकांची कोणती कौशल्ये मायदेशीच हवी आहेत, याच्या यादीत) असेल, तरीही ते लागू होऊ शकते. ही यादी डिसेंबर 2024 मध्ये बदलली आणि अनेक देश तिच्यातून वगळले गेले, पण सरकारी पैशाची अट तशीच आहे. दुसरे बंधन संशोधक या वर्गातील जे-1 कार्यक्रम संपल्यानंतर 24 महिने त्याच वर्गात पुन्हा न येण्याचे. या वर्गाची कमाल मुदत पाच वर्षे आहे, परंतु एखाद्याने वर्षभरातच कार्यक्रम संपवला तरी हे 24 महिने लागतातच, आणि उरलेली चार वर्षे पुढे वापरता येत नाहीत. थोड्या दिवसांचेच काम असेल, तर सहा महिन्यांपर्यंतच्या अल्पकालीन वर्गात जाणे शहाणपणाचे ठरते, हे यजमान प्राध्यापकालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

अमेरिकेतील करासंबंधीची एक बाब तर चमत्कारिक वाटावी अशी आहे. जे-1 वरील संशोधक सर्वसाधारणपणे पहिली दोन कॅलेंडर वर्षे करासाठी अनिवासी मानला जातो आणि तोवर त्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेची 7.65 टक्के कपात होत नाही. वर्षातला एक दिवस राहिला तरी ते पूर्ण वर्ष मोजले जाते. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस पोहोचणाऱ्याचे एक वर्ष आठवडाभरातच खर्ची पडते, तर जानेवारीत पोहोचणाऱ्याला ते पुरते मिळते. रुजू होण्याची तारीख थोडी पुढे ढकलता येईल का, असे विचारण्यात काहीच गैर नाही. दोन देशांमधील करविषयक करारांतही संशोधकांना बहुधा दोन वर्षांची सवलत असते, परंतु काही करारांनुसार मुक्काम दोन वर्षांपेक्षा लांबला, की आधी दिलेली सवलतही मागे वळून वसूल केली जाते. मुदतवाढीचे पत्र आल्याच्या आनंदात ही अट वाचायची राहून जाते.

युरोपीय संघाच्या 2016 सालच्या 801 क्रमांकाच्या निर्देशाने या बाबतीत एक चांगली सोय केली आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता सर्व सदस्य देशांना तो लागू आहे. संघाबाहेरून येणाऱ्या संशोधकाशी संस्थेने करायच्या यजमान-करारात कामाचा विषय आणि मुदत लिहावी लागते, आणि दोघांमधील कायदेशीर नाते व कामाच्या अटीही लिहाव्यात, अशी अट सदस्य देश घालू शकतात. म्हणजे जेथे तशी अट आहे, तेथे वर मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळवण्याचा मार्ग त्यात आहे. संशोधन संपल्यावर काम शोधण्यासाठी किमान नऊ महिने राहण्याची मुभाही या निर्देशात आहे, आणि सोबत आलेल्या जोडीदाराला सामान्यतः काम करता येते. अमेरिकेत मात्र जे-1 धारकाच्या जोडीदाराला स्वतंत्र परवाना काढून काम करता येते, तर एच-1बी धारकाच्या जोडीदाराला बहुतेकदा कायम वास्तव्याची प्रक्रिया बरीच पुढे गेल्याखेरीज ते करता येत नाही. जोडीदाराचेही करिअर असेल, तर व्हिसाचा वर्ग निवडण्यापूर्वीच घरात यावर बोलणे झालेले बरे.

सुरुवातीला लागणाऱ्या रोख रकमेबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जासोबतच संपूर्ण मुदतीचा आरोग्य-अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठीचे शुल्क) एकरकमी भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून त्याचा प्रौढांसाठीचा वार्षिक दर 1,035 पौंड झाला; त्या दराने पती-पत्नींना तीन वर्षांसाठी 6,210 पौंड पहिला पगार होण्याआधीच उभे करावे लागतात, आणि व्हिसाचे शुल्क वेगळेच. काही संस्था हा खर्च परत देतात. परंतु परतफेड म्हणजे आधी स्वतः भरायचे आणि पावत्या जपून ठेवायच्या. जर्मनीत घराची अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला दिला आहे, हे घरमालक आपणहून सांगेलच असे नाही.

घराचा प्रश्न केवळ निवाऱ्याचा नसतो. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते. नोंदणीनंतर करक्रमांक येतो, तो नसेल तर पगारातून चढ्या दराने कर कापला जातो, आणि बँकेचे खातेही नोंदणीवाचून अडू शकते. म्हणून ‘नोंदणी करता येणार नाही’ अशी अट असलेली खोली कितीही स्वस्त असली तरी नवागताने घेऊ नये. जपानमध्येही पत्त्याची नोंद 14 दिवसांत करायची असते.

प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात. पदवी, जन्म आणि विवाहाची प्रमाणपत्रे अपोस्टिल करून (म्हणजे ती खरी असल्याचा परदेशात मान्य होणारा सरकारी शिक्का घेऊन) नेणे सोयीचे असते. चीन 2023 मध्ये आणि कॅनडा 2024 मध्ये या व्यवस्थेत सामील झाल्याने काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. तरीही एका देशाचे अपोस्टिल दुसऱ्या प्रत्येक देशात चालतेच असे नाही, काही देशांनी परस्परांबाबत हरकत नोंदवलेली असते, हे दूतावासाकडून आधी पडताळून घ्यावे. कुटुंब मागाहून येणार असले तरी विवाहाचे प्रमाणपत्र पहिल्याच खेपेला तयार ठेवावे.

या सर्व बाबतींत विनामूल्य सल्ला मिळू शकतो. युरोपात संशोधकांना मदत करणाऱ्या युराक्सेस या जाळ्याची केंद्रे चाळीसहून अधिक देशांत आहेत आणि मोठ्या विद्यापीठांत परदेशी संशोधकांसाठी स्वतंत्र कक्ष असतात. परंतु संशोधक तेथे पोहोचतो तो बहुधा अडचण उभी राहिल्यावर, सही होऊन गेल्यावर. माझ्या मते याचा दोष संशोधकाला देऊन चालणार नाही. ज्या संस्थेने त्याला निवडले, तिच्याजवळ ही माहिती आधीपासून असते. नियुक्तिपत्रासोबत एक पान जोडून त्यात पैशाचे स्वरूप आणि मूळ स्रोत, हातात पडणारी अंदाजे मासिक रक्कम, विम्याची व्यवस्था, व्हिसाचा वर्ग, जोडीदाराच्या कामाची स्थिती आणि परतफेड होणारे खर्च एवढे लिहिणे संस्थांना अजिबात जड नाही. तोवर उमेदवारांनी हे पान स्वतः मागून घ्यावे आणि त्याचे उत्तर लेखी आल्याशिवाय सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.

कळावे.

आपला,
एक वाचक