रोगलाइक आणि रोगलाइट एक नव्हेत हो!

संपादक महोदय,
सनविवि.

रविवारच्या पुरवणीतला व्हिडिओ गेम्सवरचा लेख वाचला, पेपरात गेम्सबद्दल 'मुलं बिघडतात' सोडून दुसरं काहीतरी छापून आलंय म्हणून आधी बरंच वाटलं. पण पुढे नेटहॅक, हेडीस आणि डार्क सोल्स या तिघांनाही सरसकट रोगलाइक म्हणून टाकलंय, आणि कारण काय तर तिन्हीत सारखं मरायला होतं. आता अवघड असणं हा काय गेमचा प्रकार झाला का? बुद्धिबळ पण अवघडच आहे की.

मुळात हे नाव आलं रोग नावाच्या गेमवरून. (रोग म्हणजे बदमाश या अर्थाचा, आजार नव्हे, आमच्या घरी 'रोगलाइक खेळतोय' म्हटल्यावर एकदा कपाळाला हात लावून ताप बघितला गेलाय.) मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघा विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास तो युनिक्स या संगणक प्रणालीवर केला. चित्रं नाहीतच, तुम्ही म्हणजे ईमेलमधलं ॲट हे चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरं. भुयार दर वेळी नवीन तयार होणार, तुम्ही चाल केल्याशिवाय समोरचा हलणार नाही, आणि मेलात की विषय संपला, कारण सेव्ह होतं ते फक्त उठून जाण्यापुरतं, परत गेम चालू केला की ती सेव्ह फाइलच उडवली जायची. नेटहॅक १९८७ चा, तो याच घराण्यातला.

पुढे २००८ मध्ये बर्लिनला असे गेम्स बनवणारे लोक जमले आणि त्यांनी रोगलाइकची लक्षणं लिहून काढली, आपोआप बनणारा नकाशा, कायमचा मृत्यू, आळीपाळीने चाली, चौकटींवरची हालचाल वगैरे. काही लोक ती यादी पोथीसारखी धरून बसतात, ते मला पटत नाही, पण मोजपट्टी म्हणून ती उपयोगी आहे एवढं नक्की. कारण त्याच वर्षी स्पेलंकी आला आणि सगळा घोळ सुरू झाला, त्यात नकाशा दर वेळी नवा, मेलात की पहिल्यापासून, पण आळीपाळी नाही, चक्क उड्या मारत पळायचं! मग याला काय म्हणायचं?

त्यानंतर २०१३ च्या रोग लेगसीवाल्यांनी आपल्या गेमला स्वतःच रोगलाइट (म्हणजे हलका रोगलाइक) म्हटलं आणि तो शब्द रुळला. त्यात तुम्ही मेलात की तुमचा वारस किल्ल्यात शिरतो आणि तुम्ही जमवलेलं सोनं त्याच्या ताकदीवर खर्च होतं. २०२० चा हेडीस तसाच, त्यातला नायक झॅग्रियस मरून घरी परत येतो, आरशासमोर उभा राहून कायमच्या शक्ती घेतो, लोकांशी बोलतो, गोष्ट पुढे सरकते. म्हणजे इथे मरण हा शेवट नाहीच, मरण ही कमाई आहे.

मी आपला एक साधा प्रश्न विचारतो, पन्नास वेळा मेल्यावर उरतं काय? नेटहॅकमध्ये जे उरतं ते खेळणाऱ्याच्या डोक्यात, कुठला राक्षस कशाला घाबरतो, कशाला हात लावायचा नाही. हेडीसमध्ये डोक्यात तर उरतंच पण गेममध्येही उरतं, त्यामुळे एखाद्या नवख्याच्या हातात तुमचा जुना सेव्ह दिला तर त्याला तो कोऱ्या सेव्हपेक्षा सोपा जाणार. (नेटहॅकवाले लगेच म्हणतील की बोन्स फाइलचं काय, मेलेल्या माणसाचं सामान पुढच्याला सापडतं की, तर हो, पण त्यासोबत त्याचं भूतही बसलेलं असतं.) स्ले द स्पायर या पत्त्यांच्या गेमला मात्र माझा प्रश्न अडखळतो, तिथे खेळत गेलं की नवे पत्ते मिळतात पण नवा म्हणजे भारी असं काही नाही, त्यामुळे तो कुठल्या खणात टाकायचा यावर मी स्वतःच दोनदा मत बदललंय.

डार्क सोल्सचं मात्र यात कामच नाही. तिथला नकाशा हाताने रचलेला, शत्रू त्याच कोपऱ्यात त्याच पद्धतीने टपून बसलेला, मेलात तर जमवलेले सोल्स (तिथलं चलन) तिथे पडतात, परत जाऊन उचलता येतात, आणि तुमची तलवार, तुमची लेव्हल जशीच्या तशी. बरं, मेट्रॉइडव्हेनिया नावाचा गेमचा प्रकार अजून वेगळा, एकच मोठा नकाशा आणि नवी क्षमता मिळाली की मागे बंद राहिलेलं दार उघडणार.

हे सगळं किस पाडणं वाटेल, पण मी स्वतः रोगलाइक असं लेबल बघून एक गेम घेतला, शांतपणे विचार करत चाली खेळू म्हटलं आणि निघाला धावपळीचा, दहा मिनिटांत बोटं दुखायला लागली. गेम वाईट नव्हता, लेबल चुकीचं होतं. १९९३ च्या डूम या पात्राच्या नजरेतून गोळ्या झाडायच्या गेमनंतर तशा सगळ्या गेम्सना आधी डूम क्लोनच म्हणायचे, नंतर फर्स्ट पर्सन शूटर हे स्वतःचं नाव मिळालं, रोगची पोरं अजून बापाचंच नाव लावून फिरतायत म्हणून हा घोळ होतो.

पुढचा भाग स्ट्रॅटेजी गेम्सवर आहे असं लेखाखाली दिलंय. तेव्हा एक विनंती, डोटा हा गेम वॉरक्राफ्ट थ्री या स्ट्रॅटेजी गेमच्या मॅपमधून निघाला म्हणून दोघांना एका माळेत ओवू नका, वॉरक्राफ्टमध्ये अख्खं सैन्य आणि तळ सांभाळायचा असतो, डोटात एकच हिरो.

आपला,
एक नियमित वाचक