इंजिन बदललं, मग खापर गिअरबॉक्सवर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंद्रपूर, वणी, उमरेड या कोळसा पट्ट्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे टिपर आणि डंपर चालतात. इंजिन दमलं की ओव्हरहॉल केलेलं दुसरं इंजिन चढवून गाडी पुन्हा खाणीत पाठवली जाते. पहिल्याच पाळीत तक्रार येते: गिअर उशिरा पडतो, झटका बसतो, चढावर गाडी उचलत नाही, ऑइल तापतं, नाहीतर गिअरबॉक्सचा दोष दाखवणारा ‘चेक ट्रान्स’चा दिवा लागून गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. निदान ठरलेलं असतं, ‘गिअरबॉक्स गेला’. मग तो उतरवून खोलला जातो, मालकाचे लाखो रुपये जातात आणि परत बसवल्यावर तक्रार तशीच राहते. हे थांबावं म्हणून हे पत्र.

इंजिन उतरवेपर्यंत जो गिअरबॉक्स नीट चालत होता, तो नवं इंजिन लावताच बिघडला तर आधी जोड तपासला पाहिजे. इंजिन आणि गिअरबॉक्स लोखंडाने, तारांनी आणि तेला-पाण्याच्या नळ्यांनी जोडलेले असतात, आणि या तिन्ही ठिकाणी हात लागलेला असतो. पुढचं सगळं अ‍ॅलिसन या कंपनीच्या ३००० आणि ४००० मालिकेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल आहे; इतर बनावटींत आकडे बदलतील, तपासण्याचा क्रम नाही.

पाना उचलण्याआधी गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने साठवलेले दोषांचे कोड वाचावेत. बटणांच्या सिलेक्टरवर वरचा आणि खालचा बाण एकत्र दाबला की आधी ऑइलची पातळी दिसते, पुन्हा पुन्हा दाबत गेलं की कोड येतात. हे काम खरं तर जुनं इंजिन उतरवण्याआधी एकदा करून कोड कागदावर लिहून ठेवायला हवेत. कामाच्या वेळी कनेक्टर निघतात, बॅटरी सुटते, वेल्डिंग होतं आणि त्यातून नवे कोड साठतात. जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे नंतर कळत नाही. इंजिन बसल्यावर कोड पुसावेत, गाडी फिरवावी आणि जे परत येतील तेवढ्यांचाच माग काढावा. पी०७२७ म्हणजे इंजिनाच्या वेगाचा सिग्नल नाही, पी०७१७ म्हणजे टर्बाइनच्या (गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टच्या) वेगाचा, पी०७२२ म्हणजे आउटपुटचा (बाहेर येणाऱ्या शाफ्टचा). यू०१०० आला तर इंजिनाचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलतच नाही. यातल्या एकाही कोडसाठी पहिल्या दिवशी गिअरबॉक्स खोलायची गरज नसते. कनेक्टरच्या पिना वाकल्या आहेत का, हार्नेस (तारांचा जुडगा) बेल हाउसिंग म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं कवच आणि चॅसीच्या मध्ये चिरडला आहे का, इथून सुरुवात करावी.

तारांचा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच फुकट जातो. इंजिनाचा कॉम्प्युटर पेडल किती दाबलं आणि इंजिन किती टॉर्क देतंय हे जे-१९३९ या दोन तारांवरून गिअरबॉक्सला सांगतो. चावी बंद, बॅटरी सुटलेली ठेवून नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांत मल्टिमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास आलं पाहिजे, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आलं तर एक रेझिस्टर निघून गेला आहे किंवा तार मध्ये तुटली आहे. ४० आलं तर तिसरा रेझिस्टर कुठून तरी आला, आणि इंजिन बदललेल्या गाडीत तो बहुधा नव्या इंजिनाच्या हार्नेसबरोबर किंवा त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आलेला असतो. अशी गाडी गॅरेजमध्ये ठीक चालते, खडबडीत रस्त्यावर मध्येच गिअर सोडते.

अर्थची पट्टीही इंजिन उतरवताना सुटते आणि परत लावताना रंगावर, गंजावर लावली जाते किंवा विसरली जाते. स्टार्टर फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी पट्टी काढून, घासून, पुन्हा आवळा. नीट अर्थ नसेल तर स्टार्टरचा करंट सेन्सरच्या तारांतून वाट काढतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार कोड एकदम उभे राहतात.

दुसरं इंजिन त्याच कंपनीचं, त्याच क्षमतेचं असलं तरी त्याच्या कॉम्प्युटरमधलं कॅलिब्रेशन (सेटिंगचा प्रोग्राम) मॅन्युअल गिअरच्या गाडीचं असू शकतं. गिअर कधी बदलायचा हे इंजिनाच्या गव्हर्नरच्या वेगावरून, म्हणजे इंजिनाला घातलेल्या कमाल वेगाच्या मर्यादेवरून ठरलेलं असतं. जुन्या इंजिनाची ही मर्यादा २५०० आरपीएम होती आणि नव्याची २२०० आहे, तर गिअरबॉक्स ज्या वेगाची वाट बघतो तिथे इंजिन पोचतच नाही. गाडी खालच्याच गिअरमध्ये ओरडत राहते. ड्रायव्हरला क्लच घसरल्यासारखं वाटतं, घसरत काहीच नसतं. शिवाय गिअर पडताना गिअरबॉक्स इंजिनाला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो. मॅन्युअल कॅलिब्रेशन ते ऐकत नाही आणि प्रत्येक गिअरला झटका बसतो. यावर उपाय लॅपटॉपने दोन्ही कॅलिब्रेशन जुळवणं हाच. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात पंपाच्या लिव्हरवर थ्रॉटल सेन्सर असतो. पेडल तळाला दाबूनही स्क्रीनवर ७० टक्केच दिसत असतील तर गिअर लवकर आणि मऊ पडतो, आणि भरलेल्या गाडीत क्लच प्लेटा खरोखरच जळतात. दांडीची लांबी जुळवायला दहा मिनिटं लागतात.

आता लोखंड. ३००० मालिकेला एसएई २, ४००० ला एसएई १ या प्रमाणित मापाचं फ्लायव्हील हाउसिंग (इंजिनाचं मागचं कवच) लागतं. दुसऱ्या गाडीतून आलेल्या इंजिनावर हाउसिंग कोणतं आहे, त्याचं तोंड सरळ आहे का, हे डायल गेजने बघितल्याशिवाय गिअरबॉक्स चढवू नये. बोअर आणि तोंड दोन्हींचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा; इंजिनाच्या पुस्तकात याहून कडक मर्यादा असेल तर ती पाळावी. जोड नेमक्या जागी धरणाऱ्या डॉवेल पिना दोन्ही जागेवर हव्यात. फ्लेक्सप्लेट (इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणारी लवचिक चकती) जुनी, तडा गेलेली किंवा बोल्टच्या भोकांजवळ घासलेली असेल तर बदलावी. सर्वांत महत्त्वाचं, दोन्ही तोंडं हाताच्या जोरावर एकमेकांना टेकली पाहिजेत. मध्ये फट राहिली की बोल्ट आवळून ती मिटवायची, ही सवय घातक आहे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आत दाबला जातो, पुढचा पंप मार खातो, आणि या गिअरबॉक्सचं सगळं प्रेशर पंपावर चालतं. असा गिअरबॉक्स मात्र खरंच खोलावा लागतो.

गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरचं काय करायचं, हे इंजिन का गेलं यावर ठरतं. इंजिन तापून गेलं असेल तर गिअरबॉक्सचं ऑइलही शिजलेलं आहे असंच धरा, फिल्टरसह बदला. कूलर आतून फुटून कूलंट ऑइलमध्ये गेलं असेल तर ऑइल बदलून भागत नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉलने क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं, प्लेटा बदलाव्याच लागतात. जुना कूलर ठेवायचा असेल तर आतून फ्लश करा, होज पिळलेला किंवा आतून सोललेला नाही ना बघा. ऑइल टीईएस २९५ किंवा टीईएस ६६८ या गिअरबॉक्स कंपनीच्या मान्यतेचंच घाला. पातळी बघताना गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर आणि ऑइल ६० ते १०४ अंशांच्या मध्ये हवं, आणि गाडी थांबून दोन मिनिटं झालेली हवीत. थंड गाडीत ‘कमी’ दिसलं म्हणून पाच लिटर ओतलं की गरम झाल्यावर फेस होतो आणि ऑइल आणखी तापतं.

एवढं सगळं ठीक असूनही गाडी उचलत नसेल तर दोष इंजिनात की गिअरबॉक्समध्ये, हे स्टॉल टेस्ट सांगते, म्हणजे गाडी ब्रेकवर अडवून पूर्ण पेडलवर इंजिन किती वेग घेतं ते बघणं. चाकांना गुटके, ब्रेक पूर्ण दाबलेला, समोर कोणी नाही. ऑइल गरम असताना गिअर टाकून पेडल पूर्ण दाबायचं, स्थिर झालेला आरपीएम वाचायचा आणि ३० सेकंदांच्या आत सोडायचं. मग न्यूट्रलमध्ये १२०० ते १५०० आरपीएमवर दोन मिनिटं थंड होऊ द्यायचं. कंपनीने ठरवलेल्या आकड्यापेक्षा १५० हून जास्त खाली आलं तर इंजिन कमी ताकद देतंय: फिल्टर, टर्बो, किंवा नव्या कॉम्प्युटरने पहिल्या गिअरसाठी लावलेली टॉर्कची मर्यादा. जवळजवळ तिसऱ्या भागाने खाली आलं तर कन्व्हर्टरचा स्टेटर (आतलं तेल वळवणारं चक्र) उलटा फिरतोय. १५० हून जास्त वर गेलं तर आत घसरतंय, आणि तेव्हाच गिअरबॉक्सकडे बोट दाखवावं. ज्या गाडीला कंपनीने ही टेस्ट मना केली आहे तिथे करू नये.

सगळं जुळल्यावर स्कॅनरने जुनं शिकलेलं पुसून गिअरबॉक्सला फास्ट अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये (गिअर टाकणं पटकन नव्याने शिकण्याच्या पद्धतीत) टाकावं आणि गाडी रिकामी, मग भरलेली, हलक्या आणि पूर्ण पेडलवर चालवावी. सुरुवातीचे काही गिअर कडक पडतील, त्यावरून निकाल देऊ नये.

ड्रायव्हर बंधूंसाठी दोन गोष्टी. ‘चेक ट्रान्स’ लागून गाडी गिअरमध्ये चालत असेल तर सुरक्षित जागी पोचेपर्यंत चावी बंद करू नका. बंद केल्यावर ती न्यूट्रलमध्येच अडकू शकते. आणि बंद गाडी ओढायची असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडा. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आतले गिअर कोरडे घासतात.

खाणींच्या कंत्राटांत आणि गॅरेजच्या कामाच्या पावतीत ‘इंजिन बदली’ ही एकच ओळ असते. त्याखाली डायल गेजची मापं, जे-१९३९ चे ओहम, कूलर फ्लश, आधीचे-नंतरचे कोड आणि दोन्ही कॅलिब्रेशन क्रमांक लिहून घेण्याची अट मालकांनी आणि खाण व्यवस्थापनाने घालावी. रस्त्यावर येणाऱ्या टिपरच्या बाबतीत नव्या इंजिनाचा क्रमांक आरटीओत नोंदवण्याचं कामही त्याच वेळी उरकावं.

आपले,
अवजड वाहन दुरुस्तीतले काही कारागीर, चंद्रपूर