ओल्या गाडीवर मारलेले पॉलिश टिकणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग जवळ आला की कोकणातल्या गाडीमालकांची पावसाळापूर्व कामे सुरू होतात. वायपरची रबरे बदलली जातात, टायर आणि ब्रेक तपासले जातात, गाडीच्या बुडाला कोटिंग करून घेतले जाते. या कामांत अलीकडे आणखी एकाची भर पडली आहे. बंपर, दरवाजांखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, आरशांचे दांडे आणि समोरच्या काचेखालची वायपरची जाळी, अशा न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या भागांना लोक पॉलिश मारून घेऊ लागले आहेत. एसयूव्हीच्या थाटाच्या गाड्या वाढल्यापासून हा काळा भाग गाडीच्या अंगावर चांगलाच मोठा झाला आहे आणि तो पांढुरका पडला की दोन-तीन वर्षांची गाडीही जुनी दिसू लागते. त्यामुळे ही हौस समजण्यासारखी आहे. मात्र हे पॉलिश पहिल्या दोन-चार सरींतच ओघळून जाते आणि दोष पावसाच्या माथी मारला जातो, हे मला मान्य नाही. चिपळूण परिसरात गाड्यांच्या धुलाईचा आणि देखभालीचा व्यवसाय करणारा माणूस म्हणून मी हे लिहीत आहे. पॉलिश पावसात टिकणार की नाही, हे पाऊस सुरू होण्याआधीच, ते लावण्याच्या पद्धतीवरून ठरलेले असते.

हे प्लास्टिक बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन जातीचे असते. धक्का सोसावा म्हणून त्यात रबराचा अंश मिसळतात, ताठपणासाठी टाल्कची पूड घालतात आणि काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळीच, वापरतात. कार्बन ब्लॅक अतिनील किरणे शोषून घेत असल्यामुळे प्लास्टिक काही काळ तग धरते. परंतु उघड्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर उन्हाळ्यामागून उन्हाळे जात राहिले की वरच्या थरातील रेणूंच्या साखळ्या तुटतात, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात आणि त्या खडबडीत थरावर प्रकाश विखुरल्यामुळे काळा भाग राखाडी दिसू लागतो. खालचे प्लास्टिक अजून काळेच असते. कोरडा फिकट जांभ्याचा चिरा पाऊस पडताच गडद दिसतो, तसेच येथेही होते. एखादा द्रव भेगांत भरला की प्रकाशाचे विखुरणे थांबते आणि काळेपणा परत आल्यासारखा वाटतो. तो द्रव निघून गेला की राखाडी रंग पुन्हा डोके वर काढतो. म्हणून कोणता द्रव भरला आणि तो तेथे किती काळ धरून राहील, एवढाच खरा प्रश्न आहे.

बाजारात मिळणाऱ्या पॉलिशांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार दुधासारखा पांढरा, पाण्यात सिलिकॉनचे बारीक थेंब मिसळून तयार केलेला. तेल आणि पाणी एकत्र राहावे म्हणून त्यात साबणासारखे एक द्रव्य घातलेले असते. पाणी पूर्ण उडून गेले की सिलिकॉनचा पातळ थर प्लास्टिकवर राहतो. पण तो सुकण्यापूर्वी पावसाचे पाणी लागले तर तेच साबणासारखे द्रव्य सिलिकॉनला पुन्हा पाण्यात मिसळून घेते आणि दरवाजावरून पांढरे ओघळ उतरतात. दुसरा प्रकार पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेल्या सिलिकॉनचा. तो लावताच लखलखतो आणि गिऱ्हाईक खूश होते, पण हे सिलिकॉन तेलासारखे ओलेच राहते, कधी घट्ट होत नाही. त्यामुळे त्यावर धूळ बसते, जोराच्या पावसात आणि चाकांनी उडवलेल्या पाण्यात ते सुटत जाते आणि शेजारच्या रंगावर तेलकट डाग ठेवते. तिसरा प्रकार छोट्या बाटलीत येणाऱ्या कोटिंगचा. ते हवेतील आर्द्रतेशी संयोग पावून प्लास्टिकवर खरोखर घट्ट होते आणि नीट लावले तर अख्खा पावसाळा काढू शकते. ते महाग असते आणि लावायला वेळ लागतो, म्हणून ते घेण्याकडे लोकांचा कल कमी असतो. माझ्या मते आंबोली किंवा महाबळेश्वरसारख्या, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी याच प्रकाराचा विचार करावा. इतर ठिकाणी पहिला, पाण्यातला प्रकारही समाधानकारक काम देतो, मात्र तो लावण्यापूर्वीची मेहनत टाळता येत नाही.

ही मेहनतच बहुतेक ठिकाणी होत नाही. वॉशिंग सेंटरवर गाडीला फोम मारला जातो, प्रेशरच्या पाण्याने ती धुतली जाते, वरवर फडके फिरवले जाते आणि पाच मिनिटांत कॅनमधले पॉलिश स्पंजवर घेऊन बंपरवर चोळले जाते. त्या क्षणी बंपर जवळून पाहिला तर फॉग लॅम्पच्या कडेने, नंबरप्लेटच्या मागून आणि पट्टीच्या क्लिपांच्या फटींतून पाण्याचे थेंब अजून उतरत असतात. प्लास्टिकच्या दाणेदार नक्षीत लाल मातीचे कण आणि आधीच्या मेणपॉलिशची पांढरी पूड तशीच अडकलेली असते. पॉलिश या माती-पुडीवर बसते, प्लास्टिकपर्यंत पोहोचतच नाही. कुंभार्ली घाट चढेपर्यंत पावसाच्या दोन सरी लागल्या की मातीसकट ते वाहून जाते, यात नवल काहीच नाही.

योग्य रीत अशी आहे. काळे भाग आधी शाम्पूने आणि त्यानंतर सर्वसाधारण क्लीनरने नायलॉनच्या मऊ ब्रशने घासावेत. ब्रश एकाच दिशेने न फिरवता उभा-आडवा आणि गोल फिरवावा, म्हणजे नक्षीच्या खोलातील मळ सुटतो. जुन्या, पांढुरक्या पडलेल्या प्लास्टिकवर पाणी ओतून पाहावे. पाण्याचा सलग पडदा पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ झाला असे समजावे आणि थेंब गोळा होऊन घरंगळू लागले तर जुने सिलिकॉन अजून शिल्लक आहे हे ओळखून पुन्हा घासावे. त्यानंतर गाडी पुसून, फटींत ब्लोअरने हवा मारून, सावलीत पूर्ण सुकू द्यावी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले फडके फिरवावे. पॉलिशचा हात पातळ द्यावा. ते ओतून चोपडण्यात काही हशील नाही, कारण भेगांत मावेल तेवढेच टिकते आणि वर राहिलेले पावसाबरोबर जाते. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने जास्तीचे पुसून घ्यावे, गरज वाटली तर दुसरा पातळ हात द्यावा आणि गाडी रात्रभर छपराखाली ठेवावी. कोटिंगच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मेअखेरच्या दमट हवेत ते कोरड्या हवेपेक्षा लवकर घट्ट होते, त्यामुळे एका वेळी छोटाच भाग घेऊन लगेच पुसावा लागतो, नाहीतर चट्टे उमटतात. हवेतला दमटपणा त्याला चालतो, पण पहिल्या दिवसात अंगावर पडलेले पाणी चालत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावेसे वाटले, तिच्याकडे वळतो. समोरच्या काचेखालच्या जाळीला सढळ हाताने पॉलिश मारले की पावसात ते सिलिकॉन काचेवर आणि वायपरच्या रबरावर येते. दिवसा त्याचा फारसा त्रास जाणवत नाही. रात्री मात्र वायपर फिरला की काचेवर धुरकट पट्टा उमटतो आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा प्रकाश त्या पट्ट्यात पसरून रस्त्याची कडा दिसेनाशी होते. मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्याच्या रात्री गाडी चालवणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गाडी देखणी दिसावी म्हणून केलेल्या कामाने चालकाची नजर अधू व्हावी, हे मला अत्यंत गंभीर वाटते. या जाळीला घट्ट होणारे कोटिंग तरी लावावे किंवा काहीच लावू नये. ओले राहणारे सिलिकॉन तेथे कदापि लावू नये. ते आधीच काचेवर आले असेल तर काच आणि वायपरची पाती अल्कोहोलने पुसून घ्यावीत. साध्या शाम्पूने तो थर सहसा निघत नाही.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात लिहितो. डिझेल किंवा रॉकेल फडक्यावर घेऊन बंपर पुसण्याची सवय गावोगावी आहे. त्याने प्लास्टिक दिवसभर काळे दिसते खरे. पण दरवाजांच्या आणि काचांच्या कडेचे रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते, त्याला पेट्रोलियम तेल सोसत नाही, ते फुगते आणि सैल पडते. मग पावसाचे पाणी दरवाजातून आत येऊ लागते. खोबरेल तेलावर धूळ बसते आणि ते पावसात टिकतही नाही. हीट गनने प्लास्टिक तापवून काळे करण्याचा प्रकारही सध्या बराच पाहायला मिळतो. त्याचा परिणाम तात्पुरता असतो आणि हात जरा रेंगाळला तर बंपरची नक्षी वितळून कायमची सपाट होते.

चांगले लावलेले पॉलिशही चुकीच्या धुलाईने लवकर जाते. कॉस्टिक असलेला तीव्र फोम दर आठवड्याला मारला तर कोणतेही साधे पॉलिश तग धरणार नाही, म्हणून पावसाळ्यात सौम्य शाम्पूचाच आग्रह धरावा. लाल चिखल अंगावर वाळू न देता साध्या पाण्याने त्याच दिवशी उतरवावा, कारण जांभ्याच्या मातीचे अतिबारीक कण नक्षीत एकदा वाळून बसले की ते काढायला ब्रश घ्यावा लागतो आणि ब्रशबरोबर पॉलिशही जाते. गाडी डेंटिंग-पेंटिंगला देताना सिलिकॉनचे पॉलिश लावलेले असल्याचे कारागिराला आवर्जून सांगावे. त्याचा अंश राहिलेल्या जागी नवा रंग फाटतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की, जून ते सप्टेंबर या काळात गाडी सुकवायला आणि रात्रभर छपराखाली ठेवायला जागा नसेल तर पॉलिशचे पैसे घेऊ नयेत. गिऱ्हाईकाने आग्रह धरला तरी हे टिकणार नाही असे स्पष्ट सांगावे. उत्पादकांकडूनही अपेक्षा आहे. किरकोळ विक्रीच्या बाटलीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन-माप, निर्मितीचा महिना, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे 2011 च्या आवेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहेच. त्याच्या जोडीला पॉलिश पाण्यातले आहे की द्रावकातले, सुकायला किती तास लागतात आणि ते काचेजवळ वापरावे की नाही, या तीन गोष्टी मराठीत छापायला फार खर्च येणार नाही. ‘पावसातही टिकते’ असे बाटलीवर लिहिणाऱ्याने किती तास सुकवल्यावर टिकते, हेही त्याच जागी लिहिले पाहिजे. दावा खोटा ठरल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. रक्कम लहान आहे म्हणून ग्राहकांनी गप्प बसू नये.

ज्यांचे हे काम मे महिन्यात राहून गेले असेल, त्यांनी ऐन आषाढात घाई करू नये. श्रावणात दोन दिवसांची सलग उघडीप मिळाली आणि गाडी ठेवायला कोरडी जागा असली तर काम करून घ्यावे. नाहीतर तोवर काळे भाग नुसते स्वच्छ ठेवावेत आणि पॉलिश पाऊस परतल्यावर, दसऱ्याच्या सुमारास मारावे.

आपला विश्वासू,
एक गाडी धुलाई व्यावसायिक, चिपळूण