आधी गावनकाशा बघा, मग विकास आराखडा (डीपी) काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईच्या बातम्या सुरू होतात, पण पुण्यात मुळात ओढे कुठून वाहत होते हे कोणी विचारतच नाही. आंबिल ओढाच घ्या. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा पूर्वी थेट गावातून जायचा, नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीपाशी बांध घालून तो पश्चिमेला वळवला, तिथे तळं झालं, आज त्या जागी सारसबाग आहे आणि ओढा दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. म्हणजे ओढा वळवता येतो हो, पण त्यांनी पाण्याला दुसरी वाट आणि साठायला जागा दिली होती, आपण काय देतो तर पाइप टाकून वर पार्किंग! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी भागात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, त्या पुरात पुणे परिसरात वीसच्या वर माणसं गेली. नदीला निदान पुराची हद्द दाखवणारी निळी रेषा, लाल रेषा तरी आहे (ती कशी सरकते तो वेगळा विषय), पण गल्लीबोळातल्या छोट्या ओढ्यांचं काय?

आता शहर आणखी पसरलंय, २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. ही काल-परवापर्यंत शेतीची गावं, त्यामुळे त्यांचे गावनकाशे भूमी अभिलेख खात्याकडे आहेत, त्यावर ओढा, पाणंद, गावतळं सगळं आहे, सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर (डोंगर, ओढे दाखवणाऱ्या नकाशांवर) तर आता गायब झालेले ओढ्यांचे फाटेसुद्धा दिसतात. हे सगळं स्कॅन करून डीपीच्या नकाशावर एकावर एक ठेवायला काही रॉकेट सायन्स लागत नाही, जीआयएस (संगणकावरचं नकाशाशास्त्र) शिकणारी पोरंपण करतील. अर्थात शंभर वर्षांपूर्वीची रेष आजच्या गटाशी, म्हणजे जमिनीच्या तुकड्याशी, तंतोतंत जुळणार नाही, थोडं इकडेतिकडे होणारच, म्हणून जागेवर जाऊन मोजणीही हवीच, पण तेवढ्या कारणावरून जुने नकाशे बघायचेच नाहीत हे काही पटत नाही.

माझी मागणी एवढीच की झोन दाखल्यावर (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा दाखला) त्या गटातून जुना ओढा जातो का हे स्पष्ट छापा आणि हा नकाशा महापालिकेच्या वेबसाइटवर फुकट ठेवा. फ्लॅट बघायला जाणारा माणूस स्विमिंग पूल बघून येतो, त्याला बुकिंगचा चेक देण्याआधी हेही बघता आलं पाहिजे.

– एक वाचक, धनकवडी, पुणे