बाबा, फियाट चालू झाली, भंगारवाल्याला नाही म्हणून कळवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही न दादा मधेच फोन घेतो म्हणून लिहायलेय, दादाला म्हणावं मोठ्यानं वाचून दाखव. बाबा, आपल्या फियाटचं, पद्मिनीचं इंजिन चालू झालंय. खरंच झालंय. त्या भंगारवाल्याला शब्द दिला असेल तर आजच्या आज नाही म्हणून कळवा, तो तिला जालन्याला नेऊन भट्टीत घालणार न तिच्या सळया होणार, मला ते बघवणार नाही.

मिस्त्रीकाकांनी आधी कुणाला चावीच लावू दिली नाही. इतकी वर्षं उभ्या गाडीतलं ऑइल सगळं खाली चेंबरला उतरतं, वर सिलेंडर कोरडे पडतात, त्यात पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटल्या असल्या न आपण सरळ सेल्फ मारला तर रिंग तरी तुटते नाहीतर सिलेंडरला ओरखडे पडतात. म्हणून चारी प्लग काढले, प्रत्येक भोकातून उलुसं ऑइल-डिझेल मिसळून सोडलं न वर फडकं टाकून मुरू दिलं. मग खालच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवायला घेतलं. हलेचना. काका जोर काही लावीनात, जरा पुढं जरा मागं, परत जरा पुढं जरा मागं, माझा जीव नुसता वरखाली, न मग एकदम पाना सरकला आणि प्लगच्या भोकातून फुस्सकन काळं ऑइल उडालं. माझ्या ओढणीचा डाग अजून गेला नाही. काका म्हणले ताई, इंजिन जाम नाही, इंजिन चांगलंय.

ते म्हणले हीच गाडी कोकणात उभी असती तर पत्रा हातात आला असता, आपल्या परभणीच्या कोरड्या हवेनं लोखंड वाचलं. बाबा, तुम्ही ती उन्हापावसात न ठेवता पत्र्याखाली ठेवली होती त्याचाही उपयोग झालाच. रबर मात्र एकही वाचलं नाही, होज पाईप बिस्किटासारखे तुटायले होते. वायरी उंदरांनी खाल्ल्यात. टाकीतल्या पेट्रोलला आंबूस वास यायला होता न कार्बोरेटरच्या कपात तळाशी पिवळा चिकट थर, तो धुवून काढला, पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे जेट तारेनं टोचू दिले नाहीत कारण भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल जास्त खाते, हवा मारूनच साफ केले. नवीन पाईप मी मुद्दाम इथेनॉलला टिकणारे घ्यायला लावले, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय न ते जुन्या रबराला खातं, शिवाय पाणी ओढून घेतं. म्हणजे इथून पुढं टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी करायची नाही.

गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला होता, त्याचं किट कुर्ल्याहून आलं. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचा कारखानाच कुर्ल्याला होता, न मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत शेवटची पद्मिनी २०२३ पर्यंत चालली, म्हणून सामान अजून मिळतंय.

नवीन ऑइल टाकून, प्लग न लावता, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत सेल्फ फिरवला. मग प्लग लावले, पेट्रोल टाकीतून न घेता बाटली उंच टांगून सोडलं, चोक ओढला. दोनदा खोकली न धरली बाबा! पांढरा धूर इतका की शेजारच्या काकू बादली घेऊन पळत आल्या, पण ते सिलेंडरात सोडलेलं ऑइलच जळत होतं, थोड्या वेळानं धूर गेला. इंजिन मधेमधे मिस मारायलं होतं, ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले तसं तेही नीट लागलं. मग तो आवाज. मी बोनेटवर हात ठेवून नुसती रडले.

आई तू म्हणशील लोखंडासाठी काय रडायचं. पण मला किल्लारीची आठवण आली. ९३ ला विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला न बाबा ह्याच गाडीत मागचं सीट काढून भाकरी न चादरी भरून गेले होते, तू गल्लीतल्या घराघरातून भाकरी गोळा केल्या होत्यास, वर पाऊस चालू. बाबा परत आले तेव्हा काहीच बोलले नव्हते, बराच वेळ गाडीतच बसून होते. ती गाडी किलोच्या भावानं कशी द्यायची?

आता राहिलेलं सांगते. ब्रेकचे व्हील सिलेंडर जाम आहेत, टायर चारी बदलायचे, ते झाल्याशिवाय गेटाबाहेर काढणार नाही. पासिंग संपलेलं आहे, आरटीओत परत रजिस्ट्रेशन करून घ्यावं लागेल, पास झाली तर ५ वर्षांचं मिळतं. व्हिंटेजमधे धरायला ५० वर्षं पुरी लागतात, आपली ८८ ची, म्हणजे २०३८ ला. तोवर दर ५ वर्षांनी मी नेईन पासिंगला, खर्चाची काळजी करू नका, माझ्या पगारातून करायलेय न ह्यांचीही ना नाही.

बाबा, आरसी बुक कुठल्या ट्रंकेत ठेवलंय तेवढं आठवून सांगा, हिरव्या ट्रंकेत बघितलं, नाही सापडलं. आणि चोक किती वेळ ओढून ठेवायचा ते दादाकडून लिहून पाठवा, काका एक सांगतात न मला तुमचं वेगळं आठवतंय.

गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका. आई, गोळ्या वेळेवर.

तुमची,
ताई