पडदा मागितलास म्हणून

कराड, रविवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर तू कॉलेजातल्या प्रॅक्टिकलचं आणि तुझ्या पत्राचं सांगत होतीस, तेव्हा "तुला काय पडलंय त्याचं?" असं माझ्या तोंडून गेलं आणि तू फोन ठेवलास. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसले.

आधी एवढं सांग, सर तुझ्याशी नीट बोलतात ना?

तू सांगितलंस ते मी आता शांतपणे आठवलं. प्रॅक्टिकलला मुलामुलींच्या जोड्या लावल्या, अंगावर तोकडे कपडे, आणि सगळ्यांदेखत चिमट्याने दंड, पाठ, पोट इथली कातडी धरून चरबी मोजायची. ती हिजाबवाली मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिचे गुण गेले. तू विभागाला पत्र दिलंस. एक पडदा लावा, जोडीदार ज्याचा त्याला निवडू द्या, हात लावण्याआधी विचारा. मागितलंस ते एवढंच. सर म्हणाले, या पेशात लाजून चालत नाही.

मनू, मी नववीत होते, खो-खो खेळायचे. खांबावरून सूर मारायचे तेव्हा समोरची पोरगी हाताला लागली नाही असं क्वचितच व्हायचं. जिल्ह्याच्या सामन्यांना निवड झाली, गणवेश आला, पांढरा शर्ट आणि निळी हाफ पँट. अप्पांनी ती पँट दोन बोटांत धरून उचलली, माईकडे बघितलं आणि ट्रंकेवर ठेवून दिली. एक शब्द बोलले नाहीत. मी आमच्या सरांना विचारलं, सलवार घालून खेळू का? "नियम म्हणजे नियम," म्हणाले. मुलींना घेऊन गाडी साताऱ्याला निघाली तेव्हा मी शाळेच्या फाटकापाशी उभी होते. खरं सांगू? अप्पांवरचा राग कधीच निवळला. सरांवरचा अजून आहे. त्यांना फक्त वर एक पत्र लिहायचं होतं.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. परवा सांगायला हवं होतं, आणि बोलले भलतंच.

पण भीती वाटते गं. तू तिथे व्हिसावर. फी पतसंस्थेच्या कर्जातून जाते. कॅनडात, तुमच्या ऑन्टारिओत, २०१३ पासून किनेसिऑलॉजिस्ट, म्हणजे शरीराच्या हालचालींचा तज्ज्ञ, म्हणवून घ्यायलाही परीक्षा आणि नोंदणी लागते, हे तूच सांगितलं होतंस. कुणी मनात धरलं तर? दुसऱ्या कुणीतरी आधी बोललं असतं तर नसतं चाललं? सगळ्यांशी बोलताना आवाज खाली ठेव. काय बोलणं झालं ते तारखेसकट लिहून ठेव. सरांना एकटी भेटायला जाऊ नकोस, आणि त्या मुलीलाही विचार की तिला हे हवंय का, तिच्या नावाने तू परस्पर... बघ, सुरू झाले मी. चुकलं. तू हे सगळं केलंच असशील.

त्या बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या, तक्त्याचंही बोलायचं राहिलं. पंचवीसच्या आत बीएमआय म्हणजे सगळं ठीक, असं वर्गात सांगितलं तेव्हा तू हात वर करून आपल्या पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचं उदाहरण दिलंस. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियातल्या लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हावं असं सुचवलं होतं. तू हे सांगितलंस ते मी शेजारच्या काकूंना दोनदा ऐकवलं. आपले बाबाच बघ. सदरा कधी अंगाला घट्ट झाला नाही, आणि बेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली, तीही पायाची जखम भरेना तेव्हा. "तुम्ही एवढे बारीक, तुम्हाला कशाला तपासण्या?" असं म्हणून डॉक्टरांनी आधी दोनदा परत पाठवलं होतं. उद्या तुझ्या वर्गातली पोरं असल्याच माणसांना तपासणार. त्यांना हे ठाऊक हवं. तू बोललीस ते बरंच झालं.

आणि तरी माझं मन तिथेच जातं, सरांना काय वाटलं असेल.

गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. १९५२ साली खाशाबांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अप्पा मात्र दर वेळी वेगळंच सांगायचे. खाशाबांना पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. तुझ्यामागे तिथे असं कोण आहे, मनू? एखादी मॅडम, एखादा वरच्या वर्गातला मुलगा? एक नाव कळव. मला तेवढं पुरेल.

चिंगीचं लग्न मार्गशीर्षात ठरतंय. मेतकूट आणि मऊ भाताचे तांदूळ जोश्यांच्या मुलाबरोबर पाठवलेत. त्या हिजाबवाल्या मुलीलाही दे.

सोमवारी विभागात बोलावलंय म्हणालीस. तिथून बाहेर पडलीस की लगेच फोन कर, इथे मध्यरात्र असली तरी. आणि ती मुलगी पुढच्या प्रॅक्टिकलला आली का, तेही सांग.

तुझी,
आई