आधी मैत्री, मग सुधारणा

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम. 'आधी सगळं नीट करतो, मग प्रार्थनेला बसतो,' असं तू लिहिलंस. शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रकथेतला) क्रम नेमका याच्या उलट आहे, म्हणून लगेच उत्तर लिहितोय.

लूकच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायातला जक्कय घे. यरीहोतला मुख्य जकातदार, लोकांच्या लेखी पक्का पापी. येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला तेव्हा एक दमडीही परत करण्याची भाषा त्याच्या तोंडी नव्हती. येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली आणि आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे, असं सांगितलं. लोक कुरकुरले. मग जक्कय बोलला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. कबुलीनंतरच्या भरपाईसाठी नियमशास्त्र, म्हणजे मोशेचा कायदा, मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा मागतं (गणना ५:७). चौपट भरपाई ही मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला होती. ती त्याने आपणहून लावून घेतली.

कृपा म्हणजे मोकळं रान, असाही अर्थ काही जण काढतात. रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात प्रेषित पौल तो सुरुवातीलाच खोडून काढतो. तुझी अडचण ती नाही.

तुझी अडचण अशी की वाईट वाटणं हाच पश्चात्ताप, असं तू धरून चालतोस. वाईट येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यालाही वाटलं. त्याने चांदीची तीस नाणी परत नेली, निर्दोष माणसाला धरून दिल्याचं पाप कबूलही केलं. पण तो गेला मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी 'त्याचं आम्हांला काय?' म्हणून हात झटकले. येशूकडे तो परतलाच नाही. पेत्र या शिष्यानेही प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशांच्या विस्तवाशी शेकत, येशूला नाकारलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. तरी तो बाकीच्या शिष्यांना धरून राहिला. पुढे तिबिर्या सरोवराच्या काठी पुन्हा कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, सोबत भाकर. येशूने आधी जेवू घातलं. 'माझ्यावर प्रेम करतोस का?' हे त्यानंतर, तेही तीनदा. तिसऱ्यांदा पेत्र दुखावला. येशूने जखम झाकून ठेवली नाही, पण प्रत्येक उत्तरावर मेंढरांची जबाबदारी सोपवली.

तेव्हा 'काही चुकलं असेल तर क्षमा कर' अशी मोघम प्रार्थना करू नकोस. पापाचं नाव घे, सबबी जोडू नकोस. १ योहान १:९मधलं क्षमेचं अभिवचन पाप कबूल करणाऱ्यालाच आहे. मग ज्याचं नुकसान केलंस त्याच्याकडे जा आणि देणं फेड. फेडीने क्षमा विकत मिळत नाही, पण क्षमा मिळाली म्हणून फेड टाळायचीही नाही.

उद्या तेच पाप पुन्हा घडलं, तर चार दिवस प्रार्थना बंद ठेवून स्वतःला शिक्षा देत बसू नकोस. तीही किंमत स्वतः चुकवण्याचीच धडपड झाली. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला (रोम ५:८). त्याच दिवशी परत ये.

आज योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय वाच. लोक १५व्या वचनापासून, त्या प्रश्नापासून सुरू करतात. तू ९व्यापासून, त्या विस्तवापासून कर.

तुझा मित्र